गुलाबी सील

"दाराला सील लावण्याआधी आत असेल त्याला नाव घेऊन हाक मार. नुसतं 'कोणी आहे का' म्हणून चालायचं नाही. 'कोणी' ही हाक कुणालाच लागत नाही."

प्रांताच्या सरकारी दप्तरखान्यात मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच सकाळी माझ्या सासऱ्यांनी मला हे बजावलं. मी त्यांना अता म्हणते, म्हणजे बाबा; ते तिथले सगळ्यांत जुने कर्मचारी. तळघर आणि तळघरातले सगळे कागद त्यांच्या ताब्यात. मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरून हसले.

"आणि तुम्हीच आत असलात तर, अता? तुमचं नाव मी कुठून घेऊ?"

"मी सगळ्यांत शेवटी निघतो. मला कसली हाक मारतेस!"

झालं! विषय संपला. शिवाय माझ्या हातून असली चूक होणं शक्यच नव्हतं. अहो, मी तीन वर्षांच्या पोरीची आई आहे! द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते माझ्या तुमारच्या तोंडात जात नाही. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला मी नमद्याची टोपी शिवून घातली आहे. ती झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून मी तिच्या नाकाशी आरसा धरते. सासूबाई म्हणतात, "ही सून नाही, सीमेवरची चौकी आहे." असल्या बाईच्या नजरेतून अख्खा म्हातारा निसटेल? छे!

निसटला.

आता आधी त्या नावाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. आणि त्या नावात एखादा रोजचा शब्द दडलेला असेल, तर तोही घ्यायचा नाही. माझ्या सासऱ्यांच्या नावात एक धातू आहे. घोड्याचे नाल ज्याचे करतात, खिळे ज्याचे करतात, रेल्वेचे रूळ ज्याचे असतात, तो. लग्न झाल्यापासून मी त्याला 'काळा धातू' म्हणते. बाजारातला दुकानदार मला बघितलं की आधीच कपाळाला हात लावतो.

तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, आणि हे काय! मीही तेच म्हणायचे. कॉलेजात या प्रथेवर निबंध लिहिला होता मी, चांगला चाबकासारखा. पण तुमार वर्षाची असताना दवाखान्याच्या खिडकीत नर्सनं विचारलं, घरातल्या मोठ्या माणसाचं नाव? आणि मी खणखणीत सांगून टाकलं. त्याच रात्री पोरीला तापाचे झटके आले. डोळे पांढरे झाले, ओठ निळे. डॉक्टर म्हणाले, कानात पू झाला आहे. सासूबाईंनी नुसतं बघितलं माझ्याकडे. मी डॉक्टरांचंच खरं मानलं. पण ते नाव मात्र पुन्हा घेतलं नाही. मानणं वेगळं आणि पोर वेगळं.

तर, आमच्या दप्तरखान्याला पुढच्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण होणार होती. आमचे संचालक मुरातआली, ज्यांना आम्ही बायके, म्हणजे दादा, म्हणतो, मला म्हणाले, "चोल्पोन, तू इतिहास शिकलीस ना? मग एक झकास प्रदर्शन कर! लोकांना आनंद वाटला पाहिजे!"

आनंद! आमची सुरुवात झाली एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात. व्यापारी रातोरात डोंगरापलीकडे पळाला, गोदाम उरलं. त्यात जुन्या राजवटीचे कागद आणि नव्या राजवटीचे कागद एकाच ढिगात ओतले. पुढे दप्तरखाना मशिदीत गेला. युद्धात मशिदीत धान्य भरलं, तेव्हा तबेल्यात गेला. तबेल्यात एका हिवाळ्यात जळण संपलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी एका अख्ख्या खोऱ्याच्या जमिनींच्या नोंदी चुलीत घातल्या. त्या खोऱ्यातले लोक अजून येतात. "आमच्या आजोबांचं कुरण कुठवर होतं, तेवढं सांगा." आम्ही लिहून देतो, नोंद उपलब्ध नाही. त्या कुरणावर कुणाचा तरी चहा उकळला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी आम्हाला ही आत्ताची इमारत मिळाली. हिच्या तळघरात एकोणीसशे सदतीस साली, मोठ्या धरपकडीच्या काळात, माणसं कोंडत. कोंडणारं खातं पुढे नव्या इमारतीत गेलं आणि तळघर आमच्या वाट्याला आलं. दार तेच. भिंती त्याच. आणि जी माणसं तिथं कोंडली होती, त्यांच्या फायली काही वर्षांनी राजधानीहून आमच्याकडे आल्या, आणि जागा तेवढीच असल्यामुळे त्याच तळघरात लावल्या. माणसं गेली ती गेली, कागद बरोबर जुन्या पत्त्यावर परत! सगळं गाव आमच्याकडे येतं. कुणाला बंद पडलेल्या कारखान्यातली नोकरी सिद्ध करायची असते, कुणाला आपला घटस्फोट झाला होता की नाही ते हवं असतं. आणि कुणी नुसतं एवढंच विचारतं, आमचा माणूस पुरला कुठं? या शेवटच्या प्रश्नाला आमचं उत्तर त्या कुरणासारखंच असतं.

अतांच्या वडिलांनाही याच तळघरात कोंडलं होतं. पुढं कुठं गेले, ते माहीत नाही. अतांनी तिथं सगळा जन्म काढला, पण याबद्दल घरात कधी चकार शब्द नाही. फक्त एक सवय. तळघराच्या उंबऱ्याशी ते आपले गलोश, म्हणजे बुटांवर चढवायचे रबरी जोडे, काढून ठेवायचे आणि आतल्या मऊ चामडी बुटांनीच आत जायचे, कुणाच्या घरात शिरावं तसे. आम्हा सगळ्यांना ती खूणच झाली होती. दारात गलोश दिसले की अता आत. नाही दिसले की अता बाहेर. हाक मारायचं कामच नाही!

प्रदर्शनासाठी मी गावभर हिंडून वस्तू जमवल्या. माझी सगळ्यांत मोठी कमाई म्हणजे एक कोट. त्या काळच्या पहारेकऱ्याचा, जाड, राखाडी, खांद्यापासून घोट्यापर्यंतचा, पितळी गुंड्यांचा. त्याच्या नातवाकडे माळ्यावर पडला होता. मी तो बाळासारखा उराशी धरून आणला.

अतांनी बघितला आणि म्हणाले, "हा इथं नको."

"इतिहास आहे हो, अता!"

"असेल. वर ठेव."

"वर उंदीर आहेत. सुट्टीत कुरतडून टाकतील."

 सुनेशी वाद घालत बसणाऱ्यांतले ते नव्हेत. मी कोट तळघरात, शेवटच्या ओळीच्या टोकाला टांगला.

एकतीस डिसेंबर. अर्धा दिवस काम, मग आठवडाभर सुट्टी. बालवाडी बंद, म्हणून तुमार माझ्याबरोबर. भर दुपारी मुरातआली बायके जिन्यावरून धडधडत खाली आले. अंगात लाल झगा, कापसाची दाढी, पाठीवर मिठाईचं पोतं. नातवाच्या शाळेत ते अयाज-अता होणार होते. अयाज-अता म्हणजे नव्या वर्षाला बर्फातून येऊन पोरांना मिठाई वाटणारा थंडीबाबा.

"लवकर! लवकर! पोरं खोळंबलीत! बंद कर आणि किल्ली दे!"

मी दारापाशी गेले. उंबऱ्याकडे बघितलं. गलोश नाहीत. तरीसुद्धा, माझ्यासारखी काळजीवाहू बाई मीच, आत डोकावून हाक मारली, "अता!" उत्तर नाही. अतांना एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं मनात असेल तेव्हाच येतं. बाहेरच्या बटणानं दिवा घालवला, दार ओढलं, किल्ली फिरवली.

आता सील. दाराच्या दोन कड्यांतून दोरा ओवायचा, त्याची टोकं लाकडी वाटीत ठेवायची, वर प्लास्टिसिनचा, म्हणजे मुलं खेळतात त्या मऊ रंगीत मातीचा, गोळा दाबायचा आणि त्यावर पितळी शिक्का मारायचा. पण सरकारी प्लास्टिसिन शरद ऋतूतच संपलं होतं. मागणी केली होती, ती कुठंतरी अडकली होती. मी तुमारच्या डबीतला गोळा घेतला. बाकीचे सगळे रंग एकमेकांत मिसळून शेळीच्या लेंड्यांसारखे झाले होते. एकटा गुलाबी तेवढा शुद्ध राहिला होता.

"माझं आहे ते!" तुमार किंचाळली.

"नव्या वर्षात परत देईन हं, पिल्लू!"

शिक्का काय सुरेख उठला! सरकारी चिन्ह, भोवती अक्षरं, सगळं गुलाबी. वाढदिवसाच्या केकवर ठेवावं असं. किल्ली बायकेंच्या झग्यात गेली आणि मिठाईचं पोतं हलवत ते गेले. मी पोरीला घसरगाडीत घातलं, पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि घरी आले.

घरी घोड्याच्या मांसाची सॉसेज शिजत होती. टेबलावर संत्र्यांचा डोंगर. सासूबाईंनी, म्हणजे आपांनी, विचारलं, "म्हातारा कुठाय?"

"पुढं गेलेत ना? मला वाटलं पाव आणायला गेले."

"पाव कसला! त्या बोळक्या मित्राशी बुद्धिबळ मांडून बसला असेल. येईल भूक लागली की."

बाहेर उजेड ओसरायला लागला. खिडकीच्या काचेवर बर्फाची फुलं चढली. आणि आतल्या खोलीतून आवाज आला, फटक, फटक, फटक. तुमार येत होती. गुडघ्यापर्यंत आलेले काळे गलोश घालून, फौजदाराच्या ऐटीत.

मी तिच्यापुढं खाली बसले.

"तुमार, हे कुठून आणलेस?"

"दारातून."

"कुठल्या दारातून?"

"अंधाराच्या दारातून. तिथं पडले होते. मी पिशवीत भरले." मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तूच सांगतेस ना, वस्तू अशी दारात टाकायची नाही? कुणीतरी पडेल!"

आपांच्या हातातली पळी खाली पडली. बाहेर उणे पंचवीस. तळघरातल्या नळ्या महिनाभरापूर्वी फुटल्या म्हणून तिथली ऊब बंद केलेली. दिव्याचं बटण बाहेर. आणि आठवडाभर त्या इमारतीत कुत्रंसुद्धा फिरकणार नव्हतं.

मी तातडीच्या मदतीचा नंबर फिरवला.

"हॅलो! लवकर या! अता थंडीनं मरतील!"

"कोण?"

"अता! बर्फासारख्या थंडीत अडकलेत! अंधारात!"

पलीकडून मग हसू. "अयाज-अताला थंडी वाजायला लागली? बाई, संध्याकाळ तरी होऊ द्यायची होती. आत्तापासूनच घेतलीत?"

"अहो, ते अता नाहीत! माझे अता!"

"नाव सांगा त्यांचं."

 समोर तुमार गलोशांत उभी. कपाळ गोल, गाल लाल.

"नाव... ते... तुम्ही तळघर म्हणून लिहा ना!"

"तळघर अडकलंय?"

"दार आहे! मोठं दार!"

"कसलं दार? लाकडी?"

"नाही, नाही. ते... काळ्या धातूचं."

"काळ्या धातूचं."

"ज्याचे नाल करतात!"

"बाई," तो अगदी प्रेमानं म्हणाला, "पत्ता द्या. कुणालातरी पाठवतो तुमच्याकडं." पाठवला. पण मदतीला नाही, दारू पिऊन सरकारी फोन अडवल्याबद्दल दंड करायला!

मग बायकेंना फोन. मागं पोरांचं गाणं आणि टाळ्या.

"बायके, अता आत राहिले!"

"अगं, आत कुठला? अता इथं आहे! पोरं दाढी ओढतायत माझी!"

"तुम्ही नव्हे हो! आमचे अता! तळघरात! गलोश आमच्या घरी आहेत!"

"गलोश घरी आहेत, म्हणजे माणूसही घरीच असेल की!"

आपा बुद्धिबळवाल्याकडे धावल्या, तिथं ते नसणार हे माहीत असूनही. मी पोरीला पुन्हा घसरगाडीत घातलं आणि बर्फातून ओढत दप्तरखाना गाठला. दाराला कान लावला. काही नाही. मुठींनी दार वाजवलं. एवढं जाड दार, आवाज माझाच मला आला नाही.

थोड्या वेळानं बायके आले, झग्यातच, दाढी एका कानाला लोंबत. बरोबर आमच्या हिशेबनीस बातमा एजे, म्हणजे बातमाताई, कारण सील तोडायला समिती लागते आणि समितीत तिघं लागतात. आणि त्यांच्या मागोमाग तो दंड करणारा हवालदार. "काळ्या धातूवाली कोण?" त्यानं विचारलं.

बायकेंनी वाकून सीलाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "शाबूत आहे! सील शाबूत, म्हणजे आत कोणी नाही."

"बायके, सील मीच लावलं!"

"मग तू लावताना आत कोणी नव्हतं. असतं तर तू लावलंच नसतंस."

"कळलं नाही मला! उघडा आधी!"

"आत असता तर माणूस दार उघडून बाहेर नसता आला?"

"आतून मूठ नाही, बायके!"

त्यांनी दाढी सावरली. "हं. ते खरं." ही खोली आधी कशासाठी होती, हे सगळ्यांनाच एकदम आठवलं. पण आठवून काय? बायकेंनी चष्मा लावला. "एक मिनिट. हे गुलाबी का आहे?"

"सरकारी संपलं होतं. पोरीचं लावलं."

"म्हणजे हे सरकारी सील नव्हेच!"

"नव्हेच!" मला वाटलं, सुटलो! "सील नाहीच, तर मग उघडा पटकन!"

"असं कसं? सील नाही, म्हणजे दुपारपासून राज्याचे कागद उघड्यावर आहेत! कुणीही आत शिरलं असेल. ही घरफोडी आहे! बातमा, कशाला हात लावू नकोस. हवालदार, पंचनामा करा!"

हवालदाराला आयुष्यात पहिल्यांदा कामाची गोष्ट मिळाली. त्यानं टॉर्च मारून गुलाबी गोळा न्याहाळला. "बोटांचे ठसे आहेत. लहान माणूस दिसतोय."

"ते माझ्या पोरीचे आहेत हो!"

"तिला इथं कोण घेऊन आलं? वय काय तिचं?"

बातमा एजे कुजबुजल्या, "मुरातआली, आत खरंच कोणी असेल तर?"

"असेल तर तो चोर आहे, एजे! आणि चोराला पोलिसांसमोरच बाहेर काढायचा. नियम आहे."

"चोराचं नाव काय?" हवालदारानं लिहायला पेन चाटलं.

दाराखालच्या फटीतून थंडी माझ्या घोट्यांना लागत होती. बाहेर जिन्यात होती तिच्याहून ही वेगळी होती, जुनी, साठलेली. मी त्या तिघांकडे बघितलं. लाल झगा, वही, टॉर्च. आणि घसरगाडीत माझी पोर, टोपीखाली डोळे मोठे करून बसलेली. मी तिचे दोन्ही कान माझ्या हातांनी झाकले. का झाकले? तिला ऐकू गेलं नाही तर तिला लागणार नाही, असं काहीतरी डोक्यात असेल. आणि छाती फुटेपर्यंत ओरडले.

"तेमिरकूल! तेमिरकूल! तेमिरकूल!"

बातमा एजेंनी दोन्ही हातांनी आपली कॉलर धरली, अमंगळ ऐकलं की आमच्याकडे धरतात तशी. बायकेंची दाढी गळून पडली. आत माणूस आहे, यानं जे झालं नव्हतं, ते सुनेनं सासऱ्याचं नाव, त्यातल्या धातूसकट, घेतल्यानं झालं. सगळे गप्प झाले.

आणि त्या शांततेत आतून आवाज आला. टक. मग बऱ्याच वेळानं पुन्हा, टक.

"आहे," हवालदार म्हणाला. "आहे बुवा."

"समितीचा ठराव लिहावा लागेल," बायके म्हणाले. "बातमा, लिही, आम्ही खाली सह्या करणारे..."

तेवढ्यात तुमार घसरगाडीतून उतरली. फटक, फटक करत दारापाशी गेली. चवड्यांवर उभी राहून तिनं वाटीत बोट घातलं, गुलाबी गोळा, शिक्का, दोरा, सगळं ओरबाडून काढलं आणि मुठीत धरलं.

"माझं आहे," ती म्हणाली.

समितीला विचारायला आता काही उरलंच नाही. मी बायकेंच्या झग्यात हात घालून किल्ली काढली.

दार उघडलं. टॉर्चच्या उजेडात, अंधारातून एक राखाडी कोट बाहेर आला. घोट्यापर्यंत. पितळी गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. बातमा एजे "सदतीस!" एवढंच म्हणाल्या आणि पायरीवर मटकन बसल्या. हवालदारानं का कोण जाणे, सलाम ठोकला. लाल झगा आणि राखाडी कोट समोरासमोर उभे राहिले. तुमारनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"हा कुठला अता?"

"तुझाच," अता म्हणाले. ओठ हलत नव्हते नीट. मग माझ्याकडे वळले. "ओरडत जाऊ नकोस. पोर घाबरते."

"अता, आत कशाला गेलात हो पुन्हा?"

"हा हलवायला." त्यांनी कोटाच्या बाहीकडे बघितलं. "आठवडाभर इथं कोंडलेल्यांच्या फायलींशेजारी टांगलेला कसा ठेवायचा?"

मी त्यांचे हात चोळत होते. खिशात त्यांचा लायटर हाताला लागला. "हा तरी पेटवायचा होतात! जरा उजेड तरी झाला असता!"

"कागद आहेत इथं," ते म्हणाले, मी काही वेडंवाकडं बोलल्यासारखे. बायकेंनी गुंड्या काढायला हात पुढं केला, तसे अता मागं सरले. आणि जिना चढताना, माझ्या खांद्यावर सगळं वजन टाकून, एवढंच म्हणाले, "फार ऊबदार आहे गं. म्हणून पहारेकऱ्यांना घाई नसायची."

त्या रात्री तुमारला ताप आला नाही. मी थर्मामीटर घेऊन तिच्या उशाशी बसले होते, बाहेर नव्या वर्षाचे फटाके वाजत होते. ताप अतांना आला. फुप्फुसात पाणी झालं. गलोशांशिवाय त्या फरशीवर उभं राहिल्यानं पायांची काही बोटं गेली. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा अता म्हणाले, "चला, बुटात जागा झाली." आपा हसल्या आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ परत आल्या नाहीत.

मला लेखी ताकीद मिळाली. आरोप, बेकायदा रंगाचं सील वापरणं. बाकी कशाचा त्यात उल्लेख नव्हता. मी उलट अर्ज केला, दाराला आतून मूठ बसवावी. उत्तर वेळेत आलं, हे विशेष! सदर दार ऐतिहासिक वारसा असल्याने त्यात कोणताही बदल करता येणार नाही. प्रदर्शनाला गर्दी छान झाली. दारासमोर उभे राहून लोकांनी फोटो काढले.

माझा नवरा कामासाठी मॉस्कोजवळ असतो; आता मी दुसऱ्या बाळंतपणासाठी त्याच्याकडे आले आहे. इथं खिडकीतून नुसत्या दुसऱ्या खिडक्या दिसतात. अता वसंतात काठी घेऊन पुन्हा कामावर जायला लागले. नको म्हटलं, ऐकलं नाही. आपांना फोनवर विचारलं की त्या म्हणतात, बरा आहे. खोकला? बरा आहे. जेवतात? बरा आहे! फोन त्यांच्याकडे दिला तर ते कानाला उलटा धरतात आणि मला नुसता श्वास ऐकू येतो. तो मी मोजत बसते. पोटातलं लाथा मारतं आणि मी मोजत बसते.

म्हणून म्हणते, तुमच्यापैकी कुणी त्या बाजूनं जाणार असेल, तर डोंगर उतरून आमच्या गावात थोडं थांबा. दप्तरखाना कुणीही दाखवेल. पणजोबांचं काहीतरी शोधतोय म्हणून सांगा, आमच्याकडे सगळे तेच सांगतात. संध्याकाळी दारं बंद व्हायच्या सुमाराला वर बाकावर एक म्हातारा चहा पीत बसलेला दिसतो का, बघा. दिसला तर त्याला काही विचारू नका. शेजारी बसा. खोकतो का आणि कितीदा, तेवढं ऐका, आणि मला कळवा.